जुने मराठी साहित्य शिकवताना चित्रकला आणि सर्जनशील लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीच्या वर्गांना आणि पदवीच्या पहिल्या वर्षांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांकडून आणि काही वेळा पालकांकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण ज्या ठिकाणी कामाचे खरे मर्म किंवा खरी अडचण आहे त्या ठिकाणी दोन ओळींत उत्तर देणे म्हणजे प्रश्न टाळणे होईल.

‘जुने साहित्य’ म्हणजे येथे नेमके काय अभिप्रेत आहे?

तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’, महदंबेचे धवळे (लग्नप्रसंगी म्हणायची गीते) आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांपासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतच्या बखरी, पोवाडे आणि पत्रव्यवहार यांपर्यंतचे लेखन. त्यात अभंग, भारुडे, आख्यानकाव्ये आणि ‘दासबोध’ आले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे वय सांगता येत नाही, तरीही आम्ही त्यांचा समावेश करतो, कारण ओवी हा छंद मुळात गळ्यातून आलेला आहे आणि तो ऐकल्याशिवाय ग्रंथातील ओवीची चाल कळत नाही.

चित्र काढून किंवा कविता लिहून जुना पाठ खरोखर समजतो का, की नुसता वेळ जातो?

दोन्ही घडते, आणि त्यांपैकी काय घडेल हे काम कसे नेमून दिले यावर ठरते. ‘विठ्ठलाचे चित्र काढा’ असे सांगितले तर विद्यार्थी दिनदर्शिकेवरचे चित्र आठवतो आणि तेच कागदावर उतरवतो. त्यासाठी त्याला तुकारामांचा अभंग उघडावाही लागत नाही. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ या अभंगात जेवढे सांगितले आहे तेवढेच काढा, आणि ज्या क्रमाने सांगितले आहे त्याच क्रमाने काढा, असे म्हटले की काम पार बदलते. आधी वीट, मग कमरेवर ठेवलेले हात, मग गळ्यातला तुळशीचा हार, कासेचा पीतांबर, कानांत तळपणारी मकरकुंडले, कंठातला कौस्तुभमणी. वर्गातल्या बहुतेक चित्रांत मुकुट, मागची प्रभावळ आणि शेजारची रखुमाई आपोआप येतात. या अभंगात यांतले काहीही नाही. ती कोठून आली हे विचारले की विद्यार्थी पुन्हा ओळींकडे जातो आणि आपण वाचलेले कोणते व गृहीत धरलेले कोणते हे स्वतःच वेगळे करू लागतो.

याच कामात आणखी एक गोष्ट हाती लागते. चेहरा काढायची वेळ आली की विद्यार्थी अडतो, कारण अभंगात डोळे, नाक, ओठ यांविषयी एक अक्षरही नाही. अखेरच्या चरणात ‘पाहीन श्रीमुख आवडीने’ एवढेच म्हटले आहे. अंगावरचे सगळे अलंकार सांगून झाल्यावर ज्याच्यासाठी हे सारे पाहणे चालले आहे तो चेहरा कवीने वर्णनाविना का ठेवला, हा प्रश्न चित्र काढणाऱ्या हाताला पडल्याशिवाय राहत नाही. नुसत्या वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो. चित्राचा उपयोग हा असा असतो. चित्र सुंदर झाले की नाही याला आमच्या लेखी दुय्यम स्थान आहे.

एखादी कृती योग्य आहे की नाही, हे आधीच कसे ओळखावे?

पाठ न वाचताही ती करता येईल का, हे स्वतः करून पाहावे. करता येत असेल तर ती कृती टाकून द्यावी, मग ती कितीही आकर्षक असो.

ज्यांना चित्र काढताच येत नाही त्यांचे काय?

रेखाटन, नकाशा, रंगांची पट्टी, कागदाची घडी, मातीची आकृती, फक्त अक्षरांची मांडणी हे सगळे चित्रच समजावे. बखरीतल्या लढाईचा साधा आराखडा, म्हणजे कोण कोणत्या बाजूला उभा होता आणि पाणी कोठे होते हे दाखवणाऱ्या चार रेघा, हे रंगवलेल्या घोड्यांपेक्षा जास्त वाचन दाखवते. चांगले चित्र काढणाऱ्या मुलांचा येथे एक वेगळा तोटा होतो, तो लक्षात ठेवावा. त्यांचा हात सवयीने चालतो आणि पाठ मागे राहतो. त्यांना साहित्याची मर्यादा घालावी. उदाहरणार्थ, दोनच रंग द्यावेत.

छंद आणि अक्षरसंख्या शिकवावी का? मुले कंटाळतात.

व्याख्या पाठ करायला लावली तर कंटाळतात. स्वतः लिहायला बसवले तर अक्षरे मोजू लागतात, आणि तेही कोणी सांगितल्याविना. मोठ्या अभंगात प्रत्येक कडव्याचे चार खंड असतात: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत यमक. वरच्याच अभंगात ‘सुंदर ते ध्यान’, ‘उभे विटेवरी’, ‘कर कटावरी’ हे तीन खंड सहा अक्षरांचे आहेत आणि ‘ठेवोनिया’ हा चार अक्षरांचा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. ‘जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले’ हे सर्वांच्या ओठांवर असलेले उदाहरण.

आमच्या अनुभवात सर्वांत फलदायी ठरलेली कृती अगदी साधी आहे. वर्गाने पूर्वी न वाचलेल्या अभंगाची तीन कडवी फळ्यावर लिहावीत, प्रत्येकातला चौथा खंड कोरा ठेवावा आणि चार अक्षरांत तो भरायला सांगावे. चार अक्षरांची जागा किती लहान आहे हे त्या वेळी कळते. मुले आधी विशेषण घालतात, मग ते खोडतात, कारण तेथे क्रियेची किंवा होकाराची गरज असते. नंतर मूळ शब्द दाखवावेत. ‘आमचा शब्द का बसत नाही’ यावर जी चर्चा होते ती कवीच्या निवडीवरची समीक्षाच असते, फक्त तिला ते जड नाव दिलेले नसते.

मोजणीचा अतिरेक मात्र करू नये. अभंग म्हटला जातो, आणि म्हणताना एखादे अक्षर कमीजास्त झाले तरी चालीत सामावते. मुक्ताबाईंचे ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ हे पालुपद मोजले तर नऊ अक्षरे भरतात, तर त्याच अभंगातील ‘विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी’ या दोन्ही चरणांत बरोबर आठ. हा फरक विद्यार्थ्याने स्वतः शोधून विचारला, तर तो चुकीचा प्रश्न आहे असे त्याला कधीही वाटू देऊ नये.

सुरुवात कोणत्या पाठापासून करावी?

ताटीच्या अभंगांपासून. परंपरा सांगते की लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. विद्यार्थ्याला हा प्रसंग समजायला कोणतीही प्रस्तावना लागत नाही. दार लावून घेणे आणि दाराबाहेर कोणीतरी उभे असणे हे त्याने पाहिलेले असते. शिवाय या अभंगांत एकच आवाज आहे. आतला माणूस काहीच बोलत नाही.

लेखनाचे काम या मौनावर बेतावे. प्रत्येक अभंगानंतर आत काय चालले असेल ते दोन ओळींत लिहायचे, पण ज्ञानेश्वरांनी उत्तर द्यायचे नाही, कारण पाठात ते देत नाहीत. विद्यार्थी हालचाल, श्वास, ताटीच्या फटीतून येणारा उजेड अशा गोष्टींकडे वळतात. मग लक्षात येते की मुक्ताबाईंचा स्वर एकसारखा नाही. कधी त्या थोरल्या भावाला योग्याचे लक्षण सांगतात, कधी हट्ट धरतात, कधी त्यांच्या शब्दांत आईपण उतरते. आतली व्यक्ती कोणत्या अभंगानंतर हलली असेल, हे ठरवताना दोन विद्यार्थ्यांचे एकमत होत नाही, आणि आपापली बाजू मांडण्यासाठी दोघेही ओळींवर बोट ठेवतात. वयाने आणि नात्याने धाकटी असलेली व्यक्ती थोरल्याला उपदेश कशी करते, त्यासाठी कोणते शब्द निवडते, याविषयीची अशी चर्चा व्याख्यानातून घडवून आणणे आम्हांला तरी कधी जमलेले नाही.

जुनी मराठी मुलांना कळत नाही. आधी आजच्या मराठीतले रूप द्यावे का?

द्यावे, पण मूळ पाठ एकदा मोठ्याने वाचून झाल्यावर. कानाला अर्ध्याहून अधिक शब्द ओळखीचे लागतात, डोळ्यांना ते परके दिसतात. ‘लीळाचरित्रा’चे गद्य यासाठी उत्तम आहे. वाक्ये छोटी, प्रसंग रोजच्या जगण्यातले आणि संवाद भरपूर. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्यांनी त्या प्रत्यक्ष अनुभवल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, गोळा केल्या, आणि 1278 च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला असे मानले जाते. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ अशा विचारपूशीतून उभा राहिला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितलीच पाहिजे.

त्यावरून काम असे देता येते. कुटुंबातील किंवा गावातील एका व्यक्तीविषयी तीन जणांकडून एकच आठवण ऐकायची, ती कोणी सांगितली याची नोंद ठेवायची, आणि प्रत्येकाची हकिकत आठ-दहा छोट्या वाक्यांत लिहायची. विशेषणे नकोत, निष्कर्ष नको. कोण आले, काय म्हणाले, काय केले एवढेच. तिन्ही हकिकती जुळत नाहीत तेव्हा त्या जुळवून एक करायच्या नाहीत, शेजारी शेजारी ठेवायच्या. त्यानंतर मूळ लीळा, म्हणजे ग्रंथातली एक आठवण, वाचायला दिली की तिचा आटोपशीरपणा आणि तिची नेमकेपणाची ओढ ही लेखकाची निवड होती हे समजते.

‘दृष्टांतपाठा’चाही असाच उपयोग होतो. केसोबासांनी संकलित केलेल्या या ग्रंथात आधी सूत्र, मग दृष्टांत आणि नंतर दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत सूत्राला कसा लागू होतो याचा उलगडा, अशी मांडणी आहे. सूत्र देऊन दृष्टांत स्वतः रचायला सांगावा. बहुतेकांचा दृष्टांत सूत्रापेक्षा मोठा आणि पसरट होतो. मूळ दृष्टांत इतका आटोपशीर कसा, हे त्यानंतर वाचताना जाणवते.

बखर किंवा ऐतिहासिक पत्रे शिकवताना कल्पनेने लिहायला लावले, तर इतिहास आणि कल्पित यांची सरमिसळ होणार नाही का?

होऊ शकते, आणि ही भीती अगदी रास्त आहे. म्हणून काही बंधने आम्ही कटाक्षाने पाळतो.

पहिले बंधन निवेदकाचे. इतिहासातल्या ज्ञात व्यक्तीच्या तोंडी नवे शब्द घालायचे नाहीत. शिवाजी महाराज, सदाशिवरावभाऊ किंवा नाना फडणवीस यांच्या नावाने काल्पनिक संवाद लिहिला की तो वर्गाबाहेर जातो आणि दोन वर्षांनी कोणीतरी तो खरा म्हणून सांगतो. निवेदक अनाम असावा: हरकारा, मशालजी, पाणी वाहणारा, छावणीतली स्वयंपाक करणारी बाई. दुसरे बंधन शाईचे. पाठात असलेली गोष्ट काळ्या शाईने, स्वतःची भर निळ्या शाईने. हे दिसायला किरकोळ वाटते, परंतु प्रत्येक वाक्याला ‘हे मला कोणी सांगितले?’ असे विचारण्याची सवय त्यातून लागते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाची पहिली सवय तीच असते.

खरे तर बखर हा प्रकारच या प्रश्नासाठी फार समृद्ध आहे. सभासदाची बखर घ्यावी. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, 1690 च्या दशकात लिहिली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या 1680 मधील निधनानंतर, त्यांच्याच दरबारातल्या माणसाने, त्यांच्याच पुत्रासाठी. कोण लिहितो, कोणासाठी लिहितो आणि किती काळानंतर लिहितो, या तिन्ही गोष्टींनी शब्द कसे बदलतात हे सांगून पटत नाही, करून पटते. शाळेतलाच एखादा प्रसंग, समजा स्नेहसंमेलनात अर्धवट राहिलेले नाटक, आधी त्याच संध्याकाळी मित्राला लिहिलेल्या पत्रात, मग मुख्याध्यापकांसाठीच्या अहवालात आणि शेवटी शाळेचा गौरव सांगणाऱ्या बखरीच्या ढंगात लिहायला सांगावा. तिसऱ्या लेखनात आकडे आपोआप फुगतात, योगायोगाला शकुनाचे रूप येते, पराभवाला कारण सापडते. एवढे झाल्यावर सभासदाच्या बखरीतील एखादे वर्णन वाचायला घ्यावे.

पानिपतासाठी आणखी एक जोडी उपलब्ध आहे. 14 जानेवारी 1761 च्या लढाईचे वर्णन भाऊसाहेबांच्या बखरीत एका प्रकारे येते, तर तरुण वयात त्या मोहिमेत असलेल्या नाना फडणवीसांनी आपल्या अपुऱ्या आत्मवृत्तात स्वतःच्या जीव वाचवून परतण्याविषयी लिहिले आहे. एकात रणाचा आवाज आहे, दुसऱ्यात एकट्या माणसाची पायपीट. दोन्ही वाचून प्रत्येकी एक चित्र काढायला सांगितले तर चित्राची चौकटच वेगळी येते. बखरीसाठी दुरून आणि उंचावरून, आत्मवृत्तासाठी जमिनीलगत. हा फरक विद्यार्थी आधी काढतात आणि मग शब्दांत सांगतात.

याच पराभवाच्या संदर्भात सांगितला जाणारा सांकेतिक निरोप, ज्यात गळालेली मोत्ये, हरवलेल्या मोहरा आणि मोजता न येणारा खुर्दा (चिल्लर) येतो, तोही लेखनाला चांगला आहे. मात्र त्याचे अनुकरण करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: मेलेल्या शिपायांना खुर्दा म्हणणारी भाषा कोणाची असते? या प्रश्नावर वर्ग गप्प झाला तर होऊ द्यावा.

जुन्या पत्रांची शैली मुलांना जमते का?

जमते, आणि आवडतेही. मायना समोरच्याच्या दर्जाप्रमाणे बदलतो, ‘विनंती उपरी’ म्हणून क्षेमकुशल येते, ‘विशेष’ म्हणून मुद्दा सुरू होतो आणि अखेरीस लेखनसीमा, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, येते. तोच मजकूर वडीलधाऱ्यांना, बरोबरीच्याला आणि हाताखालच्याला लिहायला सांगावा. भाषेतली उतरंड एवढ्या स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

पोवाडा वर्गात घ्यावा का? वातावरण तापते अशी तक्रार असते.

घ्यावा. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा, हे पोवाडे मराठीचे मोलाचे धन आहेत, आणि हॅरी अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोवाडे गोळा करून छापले नसते तर त्यातले कितीतरी हरवले असते. वातावरण तापते ते केवळ गायनाने. त्याच्या जोडीला शाहिराचे कसब उलगडून दाखवणारे काम असेल तर लक्ष रचनेवर राहते: शाहीर कोठे थांबतो, कोणते स्थळवर्णन लांबवतो, श्रोत्यांना कधी हाक मारतो. नवा पोवाडा लिहायचा असेल तर विषय दुष्काळ, पूर, विहीर खोदणे असा द्यावा. वर्गातल्या कोणत्याही मुलाला आपल्या समाजाकडे बोट दाखवले जात आहे असे वाटेल, असा विषय देण्याचे काहीही कारण नाही.

चित्रांतून कथा सांगण्याची आपली स्वतःची परंपरा वापरता येईल का?

अवश्य, आणि बाहेरून आलेल्या चित्रकथांच्या साच्याआधी ती दाखवावी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. तिच्यासाठी आयुष्य वेचणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रामायण-महाभारतातील आख्यानांची सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून गात गात कथा सांगायची, अशी ही पद्धत आहे. चित्रांच्या संचालाही पोथीच म्हणतात.

आख्यानकाव्यासाठी ही पद्धत नेमकी उपयोगी पडते. श्रीधरांच्या ‘रामविजया’तील एखादा प्रसंग गटाला द्यावा आणि तो फक्त सात चित्रांत बसवायला सांगावे. कोणते क्षण चित्रात घ्यायचे आणि कोणते नुसते गाऊन सांगायचे, हा निर्णय घेताना गट ओव्या पुन्हा पुन्हा चाळतो. वर्णनाच्या ओव्या चित्रात जातात, संवाद गाण्यात राहतात, आणि काही ओव्या दोन्हीकडे बसत नाहीत. त्या बहुधा कवीच्या चिंतनाच्या असतात. काव्याचे हे पोटविभाग असे हाताने वेगळे झाले की त्यांची नावे शिकवायला पाच मिनिटे पुरतात. सादर करताना चित्र धरणारा आणि गाणारा असे दोघे असावेत.

संतांच्या भूमिकेत शिरून लिहायला लावणे योग्य आहे का?

सरसकट नाही. श्रद्धेचा मान राखणे हे एक कारण आहेच, पण आम्हांला त्याहून अधिक काळजी चोखामेळा, त्यांच्या पत्नी सोयराबाई आणि पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांची वाटते. ‘तुम्ही चोखोबा आहात, मंदिराबाहेर उभे आहात, कसे वाटते ते लिहा’ हे काम आम्ही कधीही देत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घराने हा अपमान पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे त्याला वर्गासमोर उघडे पाडण्याचा हा प्रकार होतो, आणि ज्याच्या घराने तो सोसलेला नाही त्याला चार हळव्या वाक्यांत सुटका मिळते. दोघांचेही त्यात नुकसानच आहे.

त्याऐवजी अभंगाची घडण पकडावी. कर्ममेळा देवालाच थेट जाब विचारतो. त्याच्या अभंगात विनवणीपेक्षा प्रश्न मोठा आहे. सोयराबाई घरातल्या, स्वयंपाकाच्या, विटाळाच्या शब्दांतून तत्त्वाचा प्रश्न उभा करतात. विद्यार्थ्यांनी या अभंगांतले सगळे प्रश्न एका कागदावर उतरवावेत आणि त्यांतला आजही अनुत्तरित असलेला एक निवडून, तो आज कोणाला विचारायला हवा ते स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने लिहावे. चित्र काढायचे असेल तर व्यक्तीचे काढू नये. पायरी, उंबरठा, भिंत, रस्ता अशा जागांचे काढावे. या जागा अभंगांत आहेत आणि त्या कोणाचीही नक्कल करायला लावत नाहीत.

एकनाथांच्या भारुडांची गोष्ट वेगळी आहे. सोंग घेणे हाच भारुडाचा स्वभाव असल्याने तेथे भूमिका करणे पाठाशी प्रामाणिक ठरते. तरीही जातीवरून रचलेली सोंगे निवडताना शिक्षकाने वर्ग ओळखूनच पाऊल टाकावे.

हस्तलिखित पोथी तयार करण्याचा प्रकल्प उपयोगी आहे का, की तो केवळ शोभेचा?

चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद आणि जळक्या कडा एवढ्यावर थांबला तर शोभेचा. पोथीची आडवी सुटी पाने घेऊन, शब्दांत जागा न सोडता, सलग ओळीत पंधरा ओव्या लिहायला सांगितल्या तर त्यातून भरपूर शिकायला मिळते. जुन्या पोथ्यांत शब्द असेच सलग लिहिलेले असत. एकाने लिहिलेले पान दुसऱ्याने शब्द तोडून वाचायचे. कोठे तोडायचे यावर अर्थ फिरतो, आणि पदच्छेद हा संपादनातला किती नाजूक निर्णय असतो हे कळते. मग तेच पान तिसऱ्याने मूळ न पाहता नकलायचे, चौथ्याने तिसऱ्याचे पाहून. चौथ्याच्या प्रतीत गळलेले शब्द, उडी मारून सुटलेली ओळ, नकळत आजच्या रूपात लिहिलेला जुना शब्द, सगळे सापडते. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत एकनाथांना 1584 मध्ये शुद्ध करावी का लागली, याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या हातातच असते.

अक्षराकडेही लक्ष द्यावे. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, शाई काळीभोर असावी आणि ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात असे रामदास सांगतात. तो समास समोर ठेवून, त्यातल्या सूचना पाळत तोच समास लिहिणे हे वाचन आणि कला यांचे एकत्र काम आहे. सुरक्षिततेची एक सूचना: चूक झाकण्यासाठी जुने लेखक हरताळ हे पिवळे खनिज वापरत आणि लाल शाईसाठी हिंगूळ हे लाल खनिज. हरताळात आर्सेनिक असते, हिंगुळात पारा. वर्गात पिवळा आणि लाल पोस्टर रंग वापरावा, अस्सलपणाच्या मोहात पडू नये.

जात्यावरच्या ओव्या आजच्या मुलांच्या जगण्यात नाहीत. त्या कशा शिकवाव्यात?

जाते नसले तरी लय करता येते. दोघींनी किंवा दोघांनी समोरासमोर बसून हात गोल फिरवत ओवी म्हणायची. एका फेऱ्यात किती शब्द बसतात ते पाहायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, यावरून या ठेव्याचा आवाका कळावा. विद्यार्थ्यांना घरच्या किंवा शेजारच्या आजींकडून एक ओवी ऐकून आणायला सांगावे, आणि सांगणाऱ्या आजींची परवानगी व त्यांची इच्छा असल्यास नाव सोबत लिहावे. स्वतःची ओवी रचताना विषय मोठा नको. भाऊ, माहेरची वाट, पाऊस एवढा पुरे. ग्रंथातील ओवीकडे यानंतर वळावे. साडेतीन चरणांचा तो आकार, पहिल्या तीन चरणांचे यमक आणि अपुऱ्या चौथ्यावरचा थांबा तोवर कानांत बसलेला असतो.

गुण कसे द्यावेत?

प्रत्येक चित्राखाली किंवा लेखनाखाली विद्यार्थ्याने पाच-सहा वाक्यांचे आधारटिपण लिहावे: मी ही निवड का केली, पाठातल्या कोणत्या ओळीमुळे केली, आणि कोणती गोष्ट पाठात नसताना मी घातली. निम्म्याहून अधिक गुण या टिपणाला द्यावेत. कलाकृतीला गुण देताना देखणेपणा किंवा ओघवती भाषा यांपेक्षा पाठाच्या बंधनांशी विद्यार्थ्याने किती झुंज घेतली ते पाहावे. फसलेला अभंग आणि नेमके टिपण याला गुळगुळीत कविता आणि कोरे टिपण यापेक्षा जास्त गुण मिळाले पाहिजेत. विद्यार्थ्यांनाही हे आधी सांगावे, नाहीतर ते सजावटीत वेळ घालवतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कविता किंवा चित्र करून आणले तर?

पहिला खर्डा वर्गातच, हाताने, लिहून घ्यावा आणि टिपणावर दोन प्रश्न तोंडी विचारावेत. यंत्राने तयार केलेले चित्र उलट अभ्यासाला घेता येते: अभंगात नसलेल्या किती गोष्टी त्यात आल्या, ते मोजायला सांगावे.

अभ्यासक्रम मोठा, तासिका मोजक्या. हे सगळे कोठे बसवायचे?

सगळे बसत नाही, आणि बसवूही नये. एका सत्रात एकच पाठ अशा रीतीने शिकवावा, बाकीचे नेहमीच्या पद्धतीने. पहिल्या तासिकेत मोठ्याने वाचन आणि कामाची सुरुवात, मग घरी पूर्ण करणे, दुसऱ्या तासिकेत चार-पाच कामे भिंतीवर लावून मूळ पाठ हातात घेऊन त्यांवर बोलणे, एवढ्यात भागते. दुसरी तासिका मात्र कापू नये. वेळ कमी पडलाच तर चित्र किंवा लेखन अपुरे राहिले तरी चालेल, पण भिंतीसमोर उभे राहून ‘ही रेघ कोणत्या ओळीतून आली?’ असे विचारण्याचा वेळ राखून ठेवावा. परीक्षेचा विचार केला तरी रसग्रहणाच्या उत्तरात उपयोगी पडणारी वाक्ये याच बोलण्यातून निघतात, आणि ती विद्यार्थ्याची स्वतःची असतात.